बुलेट कोण हलवतं?

कॉम्प्युटरला मी घाबरत नाही. कॉम्प्युटर मला घाबरतो! आमच्या अंधेरीच्या ऑफिसात प्रिंटर अडला की लोक आधी मला हाक मारतात. मी जातो, प्रिंटरच्या कुशीत एक थाप देतो आणि तो मुकाट्याने कागद ओकायला लागतो. म्हणूनच मुलुंडच्या आमच्या 'नवकिरण' सोसायटीत प्रीतमच्या बुलेटचं प्रकरण पेटलं, तेव्हा मी भर मीटिंगमध्ये हात वर केला.

"फुटेजच ना? द्या इकडे! चहा निवायच्या आत चोराचा फोटो काढून देतो."

शेजारी बसलेल्या श्रुतिकाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझा हात धरून खाली ओढला. पण उशीर झाला होता.

प्रकरण असं. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रीतमने बुलेट घेतली होती. घेतली कसली, स्थापना केली होती! रोज पुसणं, दर शनिवारी लिंबू-मिरची, आणि पावसाचा थेंब पडला की स्वतः भिजत तिच्यावर ताडपत्री. ही बुलेट तो रात्री कामावरून आला की पार्किंगच्या टोकाला लावायचा, हँडल लॉक करायचा आणि झोपायला जायचा. सकाळी उठून बघतो तर बुलेट जागची हललेली! चांगली हातभर सरकून, भिंतीकडे तोंड करून उभी. रुसलेल्या सुनेसारखी! आणि हँडल लॉक जसंच्या तसं.

"लॉक असताना ढकलता येत नाही," प्रीतम मीटिंगमध्ये ओरडत होता. "उचलावीच लागते! म्हणजे टोळी आहे. रोज येऊन अंदाज घेतात. एक दिवस उचलून टेम्पोत टाकतील, मग बसा बोंबलत!"

"आणि वॉचमन काय करत असतो?" आमचे चेअरमन विद्याधरकाका नाबर कडाडले. बँकेतून रिटायर झालेले, साठी उलटली तरी डोक्यावर काळेभोर दाट केस. त्या केसांवरून हात फिरवत ते म्हणाले, "धोंडिराम त्या टोळीला सामील आहे. उद्यापासून त्याला नारळ द्या!"

धोंडिराम दाराशीच उभा होता. त्याने टोपी काढून हातात घेतली. "साहेब, सकाळी मी मागं पंप चालू करायला जातो. तेवढाच काय तो माझा पाठमोरा वेळ. बाकी आईशप्पथ इथंच असतो."

त्याची ती हातातली टोपी बघून मला कसंतरीच झालं. इतकी वर्षं त्याने आमची कुरियरं सांभाळली, आमच्या किल्ल्या सांभाळल्या. मी ताठ उभा राहिलो.

"काका, आधी फोटो, मग नारळ! उद्या रविवार आहे. दुपारपर्यंत मला वेळ द्या."

सकाळी सोसायटीच्या ऑफिसातल्या कॅमेऱ्याच्या डब्यातून पेन ड्राइव्हवर फुटेज घेतलं आणि घरी येऊन डबल क्लिक केलं. कॉम्प्युटर म्हणाला, ही फाइल कशाने उघडायची ते मला माहीत नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे ना! फाइलचं नाव बदललं. उघडली. पडदा पोपटी झाला आणि मधोमध जांभळा चौकोन थरथरायला लागला.

"हा चोर?" श्रुतिकाने पोळ्या लाटता लाटता विचारलं.

"तू जरा गप्प बस ना यार!"

कॅमेरा बसवणाऱ्याला साकीनाक्याला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, या फाइलला तिचाच प्लेअर लागतो. पेन ड्राइव्हमध्येच असेल बघा." होता! लावला. आणि पडद्यावर आमचं पार्किंग उमटलं.

खरं सांगतो, मी थक्क झालो. रोज ज्या पार्किंगमधून मी नाक वर करून जातो, तिथे पहाटे एवढं काय काय चालतं! बदामाच्या झाडावरून पान सुटतं आणि गिरक्या घेत बरोब्बर विद्याधरकाकांच्या गाडीवर बसतं. एक मांजर पिल्लाला मानगुटीला धरून नेते, परत येते, दुसऱ्याला नेते. दूधवाला स्वतःशीच नाचत चालतो. हळूहळू अंधाराचा राखाडी होतो, राखाडीचा पिवळा व्हायला लागतो. मी गालावर हात ठेवून बघतच राहिलो. चोराचं मी विसरूनच गेलो होतो!

"अरे, फोटो काढणार होतास ना?" श्रुतिका म्हणाली.

प्लेअरच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचं छोटं चित्र होतं. ते दाबलं. काहीच झालं नाही. परत दाबलं. दाबून धरलं. कॉम्प्युटरचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. नंतर कळलं की दाबून धरलं की तो फुटेज संपेपर्यंत, मधली मिनिटंच्या मिनिटं गाळत, फोटो काढत सुटतो! फोल्डर उघडून बघतो तर नुसते फोटोच फोटो, वारुळातून मुंग्या निघाव्यात तसे. दूधवाला, मांजर, मांजर, पान, परत मांजर. चाळता चाळता एका फोटोवर माझी बोटं गोठली.

बुलेट. तिच्यावर वाकलेला माणूस, डोकं खांबाआड. एक हात बुलेटच्या आरशाजवळ, आणि दुसऱ्या हातात काहीतरी काळं, केसाळ.

"श्रुतिका! हे बघ! त्याने मांजर मारलंय!"

श्रुतिका पिठाच्या हातांनी धावत आली. डोळे बारीक करून बघितलं. "मांजर कसलं? आणि हा चट्ट्यापट्ट्याचा लेंगा... हे तर विद्याधरकाका!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. धोंडिरामला काढा काढा म्हणून ओरडणारा माणूस स्वतःच बुलेटवर वाकलेला! केवढा कट! हा एकच फोटो प्रीतमला गुपचूप पाठवायचा असं ठरवून मी तो निवडला. म्हणजे निवडला असं मला वाटलं. प्रत्यक्षात मी सगळेच निवडले होते. आणि प्रीतमलाही नाही, सोसायटीच्या ग्रुपला!

आधी खालच्या मजल्यावर मोबाइल टुंग वाजला. मग वरच्या. मग समोरच्या. मग सगळ्या बिल्डिंगमध्ये आरतीला घंटा वाजाव्यात तसा टुंगटुंगाट सुरू झाला आणि थांबेचना!

"सुबोध, काय केलंस तू हे?"

"मी काही नाही केलं. हा आपोआप करतोय!"

मी वायफाय बंद केलं, मोबाइल बंद केला, घाबरून पंखासुद्धा बंद केला. पण जायचं ते गेलं होतं. सगळी सोसायटी सगळ्या सोसायटीला बघत होती. कुणी गॅलरीतून कचरा खाली सोडताना, कुणी दुसऱ्याच्या गाडीच्या काचेत नाकातले केस उपटताना, कुणी शेजाऱ्याचा पेपर आधी वाचून परत घडी घालताना. जिन्यातून आरोळ्या यायला लागल्या. "म्हणजे माझा पेपर रोज तूच चुरगळतोस काय रे!" आणि त्या सगळ्यांवर प्रीतमचा आवाज: "नाबरकाका! खाली या! आत्ताच्या आत्ता!"

मी खाली पोचलो तेव्हा सोसायटी ऑफिसात मुंगीला शिरायला जागा नव्हती. प्रीतमने मोबाइल विद्याधरकाकांच्या नाकासमोर धरला होता.

"हे तुम्हीच ना? माझ्या बुलेटशी काय करत होता?"

"मी... मी आरसा बघत होतो."

"घरी आरसा नाही? आणि हातात काय आहे ते?"

काका लालबुंद झाले. मला वाटलं, आता हार्ट अटॅक! मग त्यांनी डोळे मिटले, हात वर नेला आणि डोक्यावरचे सगळे काळेभोर केस एका झटक्यात काढून टेबलावर ठेवले.

ट्यूबलाइटचा उजेड त्या टकलावरून थेट आमच्या डोळ्यात आला.

"टोप वाऱ्याने वाकडा होतो," काका पुटपुटले. "बुलेटच्या आरशात सरळ करत होतो. हात लावला तो आरशाला. त्या धुडाला हलवायची माझी काय बिशाद!"

कुणी हसलं नाही. हसणार कोण? त्या फोटोंमध्ये प्रत्येकाचं काही ना काही होतंच! आणि खरं सांगू? टकलाने काका जास्त चांगले दिसत होते. एखाद्या ऋषीसारखे.

मी खाकरलो. "माझी चूक झाली. फोटो एका क्षणाचा असतो, त्याच्या आधी-नंतरचं कळत नाही. आपण सगळे मिळून आख्खं फुटेज बघू. मी काहीही दाबणार नाही!"

"तू माउसला हातच लावू नकोस," श्रुतिका म्हणाली आणि स्वतः खुर्चीवर बसली.

ऑफिसातल्या टीव्हीवर पार्किंग उमटलं. सगळे श्वास रोखून बघत होते. धोंडिराम भिंतीला टेकून उभा होता, ओठ हलत होते, बहुतेक देवाचं नाव घेत होता. पडद्यावर तो पंप चालू करायला मागे गेला. मांजर आली, गेली. पान पडलं. विद्याधरकाका आले, आरशात टोप सरळ करून गेले. आणि मग तळमजल्यावरचं दार उघडलं.

दारातून बाहेर आल्या रुक्मिणी परब. परबआजी!

परबआजी म्हणजे माझ्या खांद्याच्याही खाली येणारी, वाळल्या सुंठेएवढी म्हातारी. आधी त्यांनी बाहेर येऊन बुलेटकडे बघितलं. पदर कमरेला खोचला. बुलेटच्या मागे गेल्या, सीटमागचा दांडा दोन्ही हातांनी धरला, गुडघ्यात वाकल्या, एकदा अंदाज घेतला. आणि उचललं! बुलेटचं मागचं चाक जमिनीवरून सुटलं! दोन दमात त्यांनी ती बाजूला नेऊन ठेवली, एवढी अलगद की जणू झोपलेलं मूल पाळण्यात ठेवतायत. मग हात झटकले, आत गेल्या आणि व्हीलचेअर घेऊन आल्या. व्हीलचेअरमध्ये शाल पांघरलेले त्यांचे यजमान, सीतारामकाका. उतारावरून त्यांनी खुर्ची सावकाश खाली घेतली आणि कंपाउंडच्या कडेला कोवळ्या उन्हात नेऊन लावली. त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले.

श्रुतिकाने चित्र तिथेच थांबवलं.

सीतारामकाका रोज सकाळी उन्हात बसलेले आम्ही सगळेच बघत होतो. हात करत होतो. कुणीतरी आणून बसवत असेल, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. त्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा सोसायटीने मोठ्या कौतुकाने तो उतार बांधला, नारळ फोडला, फोटो काढले. आणि आता त्याच उताराच्या तोंडाशी आम्ही बुलेट लावू दिली होती.

"आईशप्पथ," प्रीतम हळूच म्हणाला. "मला ती मेन स्टँडवर चढवताना घाम फुटतो."

मग आम्ही सगळेच्या सगळे परबआजींच्या दारात. आजी ताट घेऊन तांदूळ निवडत होत्या. एवढी वरात बघून दचकल्या.

"काय झाला रे? कोण गेला?"

"आजी, माझी बुलेट रोज तुम्ही उचलता?" प्रीतमने विचारलं.

"मगे काय करू? ह्यांका उनात न्हेवचा असता. तुजी गाडी वाटेत आडवी. बाजूक सारतंय."

"अहो, मग मला सांगायचं ना!"

"तू रात्री उशिरा येतस कामावरसून. सकाळी तुजी झोप मोडूक माझ्या जीवार येता, झिला."

प्रीतम त्यांच्या पायावर असा कोसळला की तांदळाचं ताट उलटलं. विद्याधरकाका टोप खिशात कोंबत पुढे झाले. "पण वहिनी, एवढी ताकद आणलीत कुठून?"

"ताकद कसली ओ? देवगडाक बापाशीची होडी वडूक लागायची. होडीक धरूक काय दांडो असता? ह्या गाडयेक बरो दांडो तरी आसा!"

आतून सीतारामकाकांचा आवाज आला. आजारपणानंतर त्यांचं बोलणं जड झालं होतं, पण शब्द कळले. "लग्नाआधी बघितलं होतं... मी हिला... होडी ओढताना. म्हणून... आजपर्यंत... उलट बोललो नाही!"

तेव्हा कुठे सगळे हसले. विद्याधरकाकांनी तिथेच धोंडिरामचा हात हातात घेतला. आणि तो नुसताच हलवत राहिले. धोंडिरामनेही हलवू दिला. प्रीतमने त्याच दुपारी बुलेट पाण्याच्या टाकीजवळ नेऊन लावली, आणि उतारासमोर कुणी साधी सायकलसुद्धा टेकवली तर तोच आता सगळ्यात आधी ओरडतो.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मला ते दृश्य काही केल्या विसरता येईना. एवढीशी म्हातारी आणि एवढं मोठं धूड! मी मनात म्हटलं, ताकद नसेलच ती, युक्ती असेल. आणि युक्ती म्हटली की आपण आलोच!

सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी टाकीजवळ गेलो. बॅग खाली ठेवली. दांडा धरला, गुडघ्यात वाकलो, एकदा अंदाज घेतला आणि जोर लावला.

बुलेट तसूभरही हलली नाही. माझ्या कमरेत मात्र काहीतरी कट्टकन हललं! मी वाकलेला तो वाकलेलाच. हात दांड्यावर, तोंड जमिनीकडे. सरळही होता येईना, खालीही बसता येईना.

"धोंडिराऽऽम!" मी क्षीण आवाजात हाक मारली. धोंडिराम मागे पंपाशी.

तेवढ्यात चाकांचा आवाज आला. व्हीलचेअर माझ्याशेजारी थांबली. सीतारामकाकांनी शालीतून मान बाहेर काढून माझ्याकडे खालून वर बघितलं आणि खुदकन हसले. वर गॅलरीत श्रुतिका धावत आली होती.

"खंय लागला रे झिला?" परबआजींनी विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी पदर खोचला, माझ्या दोन्ही बगलांत हात घातले, मला जमिनीवरून अलगद सोडवलं आणि दोन दमात नेऊन कठड्याला टेकवून ठेवलं. मग हात झटकले, मान वर केली आणि गॅलरीकडे बघून म्हणाल्या,

"काळजी करू नको गो! ह्यो गाडयेपेक्षा बराच हलको आसा!"

हे सगळं मी उभ्यानेच लिहितोय. डॉक्टरांनी बसायला मनाई केली आहे.