दत्तूकाकांचे दोन सर्व्हर

आमच्या शेजारच्या दत्तूकाकांच्या पंपघरात दोन जुने कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडलेले आहेत. एकावर खडूनं ‘राजेळी’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘वेलची’. मी लग्न होऊन गिरीजला आले तेव्हा वाटलं, काका केळ्यांचा हिशोब ठेवत असतील. पण ते सर्व्हर निघाले!

काका आमच्या ज्ञाती मंडळाची वेबसाइट सांभाळायचे. वेबसाइट उघडणाऱ्याला पान काढून देणारं सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं, अपाची की एन्जिन-एक्स, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. दोन्ही फुकट, दोन्ही चांगली. दुसरा कुणी असता तर संध्याकाळपर्यंत मोकळा झाला असता. काकांनी केळीच्या नव्या जातीसारखी दोन्ही शेजारी शेजारी ‘लावली’ आणि दोन वर्षं बघत बसले. अपाची म्हणजे राजेळी: जुनी, भारदस्त, पसरून बसणारी. एन्जिन-एक्स म्हणजे वेलची: लहान चणीची, चपळ. पंखा एकच होता, तो एक दिवस हिच्याकडे आणि एक दिवस तिच्याकडे. केळी न्यायला आलेल्या माणसालाही ते आधी दोन्हीकडे वेबसाइट उघडायला लावत आणि हातातल्या घड्याळावर वेळ मोजून वहीत लिहीत.

“मग काका, ठरलं का?” असं विचारलं की उत्तर एकच. “सूनबाई, लोंगर येऊ दे. मग बोलू.”

केळीला लोंगर, म्हणजे घड, धरल्याशिवाय जात कळत नाही, हे खरं. पण सर्व्हरला कुठला आलाय लोंगर! मी कंपनीत हेच काम करते, त्यामुळे माझी चिडचिड व्हायची. शिवाय काका रोज सकाळी गाठी मारलेला दोर विहिरीत सोडून पाणी किती हात आहे ते मोजत, आणि तो आकडाही राजेळीवर एका पानावर चढवत. वेबसाइटवरून त्या पानाकडे जायला वाटच नव्हती. कुणासाठी हा उद्योग, देव जाणे.

मंडळाच्या सभेत मी उभी राहिले. “काका, सर्व्हर आहे, केळ नाही. तुमचा लोंगर येईपर्यंत आमची पोरं आजोबा होतील.” सगळी सभा हसली. काकाही हसले. हसता हसता त्यांनी वही मिटून पिशवीत टाकली, ते मी पाहिलं, आणि तरीही मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

त्याच रविवारी मी भाड्याच्या मशीनवर एन्जिन-एक्स बसवलं आणि मंडळाचा पत्ता तिकडे वळवला. राजेळीवरून पानं उचलताना ते विहिरीचं पान दिसलं होतं. नुसते आकडे. कचरा म्हणून मी ते सोडून दिलं.

नऊ दिवसांनी सर्व्हरची नोंदवही चाळायला घेतली. कोण आलं, कुठलं पान मागितलं, मिळालं की नाही, हे सगळं तिच्यात आपोआप लिहिलं जातं. रोज सकाळी सहा चाळीसच्या सुमारास एकच फोन विहिरीचं पान मागत होता. रोज त्याला उत्तर मिळत होतं: पान सापडलं नाही.

मी पंपघरात गेले. काका राजेळीसमोर बसले होते. दाढी वाढलेली.

“सूनबाई, दादा नऊ दिवस आला नाही गं.”

“कोण दादा?”

“माझा मोठा भाऊ. जूचंद्रला असतो.” ते पडद्याकडे बघतच बोलत होते. “या विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमचं वाजलं. वाटणी घेऊन गेला तो. बारा वर्षं बोलणं नाही. पण विहीर आमच्या बापानं खणलेली, त्याचा जीव हिच्यात आहे. म्हणून पानाचा पत्ता चिठ्ठीवर लिहिला आणि भाजीच्या टेम्पोतून राजेळीच्या लोंगराबरोबर पाठवला. दुसऱ्या सकाळपासून यायला लागला. पाणी बघायचा, जायचा. मी इथे त्याची नोंद बघायचो. बाकीचे तुझ्याकडे वळले, ते कळलं मला. पण हे पान तर माझ्याकडे उघडतंय. मग तो का येत नाही? आजारी असेल का? विचारणार कुठल्या तोंडानं?”

मला तिथून पळून जावंसं वाटलं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

“काका, ते रोज येतायत,” मी म्हणाले. “तुमच्याकडे उघडतं, पण मंडळाच्या पत्त्यावर बाहेरून येणारा आता माझ्या मशीनवर जातो. तिथे मी ते पान ठेवलंच नाही. कचरा समजले मी.”

काका ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मग त्याला काय दिसतं?”

“पान सापडलं नाही, असं.”

“नऊही दिवस?”

“हो.”

“आणि तरी येत राहिला?”

मी मान डोलावली. काकांनी पंच्यानं तोंड पुसलं, खुंटीवरचा दोर घेतला आणि विहिरीकडे निघाले. दारातून वळून म्हणाले, “पान लाव सूनबाई, तुझ्या वेलचीवर लाव. आजचं पाणी सांगतो.”