बाळाच्या आधी खिडकी

खिडकी सजवायची कल्पना माझी. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही ते विचारणारच. (आमच्या घरात अशा गोष्टींची चौकशी माझ्यापासून सुरू होते आणि माझ्यापाशीच संपते.)

अठ्ठ्याहत्तर साल होतं. भंडाऱ्यात दोन खोल्यांचं भाड्याचं घर, रस्त्याकडे एक खिडकी. आमची सौ. उषा बाळंतपणाला आंधळगावला माहेरी गेलेली. मुलगा झाल्याचं पत्र आलं, मी कचेरीत पेढे वाटले आणि उरलेले घेऊन घरी आलो. पाच वर्षांचा इश्वर खूश झाला. त्याला भाऊ मिळाला काय अन् पेढा मिळाला काय, सारखंच. आठ वर्षांच्या कुंतानं मात्र पेढ्याला हात लावला नाही आणि दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिची वेणी घालत होतो (म्हणजे केसांचा गुंता करत होतो), तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाबा, आता आई त्याच्याकडेच पाहत राहीन ना?"

मी कारकून माणूस, तोंडातून आश्वासन निघून गेलं. म्हटलं, "आपण खिडकी अशी सजवू की आई घरात पाय ठेवताच बाळाच्या आधी तुझी खिडकीच पाहीन." कुंतानं मान वर केली. बापानं शब्द दिला होता आणि पोरीनं तो खरा मानला होता. तिथूनच सगळं सुरू झालं.

उषा परत यायच्या आधीच्या रविवारी तिघं कारध्याला नदीकाठी गेलो. कासगवताचे पांढरे तुरे तोडले, पळसाची पानं गोळा केली. मी चांगली अखंड पानं वेचत होतो, ती कुंता फेकून देत होती. तिला किड्यांनी खाल्लेलीच हवी होती. का, तर भोकांतून उजेड येतो. घरी येऊन कणकेची खळ शिजवली. निम्मी पानांना लागली, उरलेली इश्वरच्या डोक्याला.

तरी खिडकीचा वरचा भाग मोकळाच राहिला. आणि सोमवारी कचेरीत गोमाजी आला. हा जंगलात ऐनाच्या झाडांवर रेशमाचा कोसा पाळणारा माणूस. त्यानं माझ्या टेबलाखाली एक थैली ठेवली. म्हणाला, "बाबूजी, कोसे आहेत. चार-सा दिवसांनी नेतो, हवेशीर ठेवजा." पुढेही तो बरंच बोलला, पण मी फायलीत डोकं घालून हो-हो करत होतो.

थैली घरी आणून उघडली. कोंबडीच्या अंड्याहून जरा लहान, भुरे-पिवळे कोसे, आणि प्रत्येकाला लांब देठ. माझं ज्ञान लग्नातल्या कोशाच्या धोतरापुरतं. एक हलवून पाहिला तर आत खुळखुळ वाजलं. म्हटलं वा, बाळाला खुळखुळाही झाला. शिवाय थैलीपेक्षा खिडकी जास्त हवेशीर, म्हणजे गोमाजीचंही काम झालं. मी सुई घेऊन ओवायलाच बसलो होतो, पण कुंता म्हणाली, भोक कायले पाडता, देठ आहे ना. तिनं एकेक देठ दोऱ्याला बांधला आणि चाळीस कोशांचं तोरण करून खिडकीच्या वरच्या मोकळ्या भागात टांगलं. खरंच सुंदर दिसत होतं.

शनिवारी संध्याकाळच्या बसनं उषा येणार होती, तिचा भाऊ ताराचंद आणून सोडणार होता. चारच्या सुमारास इश्वर म्हणाला, "बाबा, खिडकी हालून राहिली." पाहतो तर कोशाच्या टोकातून काहीतरी ओलं, केसाळ बाहेर येत होतं. मग दुसऱ्यातून. मग तिसऱ्यातून. तासाभरात तळहाताएवढी तपकिरी पाखरं पानांवर पंख पसरून बसली आणि दोनतीन खोलीभर फडफडू लागली.

घरमालकीण शकुनबाई, पांढऱ्या लुगड्यातली, पदर डोक्यावर घेऊन आली. हे काय आणून ठेवलं, तान्हं बाळ घरात येऊन राहिलं, झाडून टाका, असं बजावून आपल्या खोलीत गेली आणि आतून कडी लावून घेतली. मी झाडू उचलला. कुंता दोन्ही हात पसरून खिडकीसमोर उभी राहिली.

"मारू नका. बाबा, पाहा ना, याच्या पंखालेबी खिडकी आहे."

होती खरी. प्रत्येक पंखावर काचेसारखा गोल ठिपका, त्यातून उजेड येत होता. झाडू खाली ठेवला. म्हटलं, न मारता तोरणच अलगद उतरवून बाहेर नेऊ. पाखरं दिव्यावर येतात म्हणून दिवा मालवला आणि पांढरी मच्छरदाणी डोक्यावरून पांघरली. (मच्छरदाणी मुलांसाठी घेतली होती. मुलं बाहेर होती, आत मी.) स्टुलावर चढणार, तेवढ्यात एक पाखरू माझ्या डोक्यावर येऊन बसलं. मी जागच्या जागी थिजलो. आणि दारात रिक्षा थांबली.

ताराचंद सामान उतरवत होता, उषा उंबऱ्यातच उभी राहिली. संधिप्रकाशात पानं, तुरे आणि सगळी फडफडणारी खिडकी. तिनं नजर न काढता हातातलं बाळ माझ्याकडे दिलं, "शकुनबाई, धरा जरा याले," म्हणाली आणि सरळ खिडकीशी गेली. मला बोलायचं होतं, पण डोक्यावर पाखरू होतं.

"हे तं बियाण्याचे कोसे, पाखरं निघायसाठीच ठेवतात. थैलीत राहिले असते तं गुदमरले असते. आमच्या गावाकडे असेच टांगतात. देठाले कोणं बांधले?"

"मी," कुंता म्हणाली. "तू पहिले पाहाशीन म्हणून."

उषा खाली बसली आणि तिनं पोरीला पोटाशी धरलं. कुंता महिनाभराचं रडून घेत होती. इश्वर मधे घुसला, त्यालाही जागा मिळाली. एक पाखरू उषाच्या बोटावर चढलं, तिघं त्याच्याकडे पाहत बसली. माझे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता.

बऱ्याच वेळानं उषानं इकडेतिकडे पाहिलं.

"आन् तुमचे बाबा कुठी गेले? मी येऊन राहिली हे माईत नाही का त्याइले?"

मी मच्छरदाणीतून खाकरलो. कुंता आईच्या पदरातून म्हणाली, "आई, बाळ घेऊन उभे आहेत ते बाबाच आहेत."

उषानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मंग बाळ आणा पहिले इकडे," ती म्हणाली.