आनेकलचा लॉर्ड

विश्वासरावांची अलका लहानपणी जेवायला फार छळायची. म्हणून त्यांनी लाच ठरवली: ताट संपवायचं, मग एका इंग्रजी वाक्प्रचाराची जन्मकथा. शब्दकोशात अर्थ मिळे, जन्म क्वचितच. तिथे विश्वासराव स्वतः कामाला लागत. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणं. का? तर लॉर्ड बॅसवंटच्या स्वयंपाक्याने भर दरबारात अवरेकाळूंचं, म्हणजे पावट्यांचं, पातेलं लवंडलं आणि तळाची चोरटी चिठ्ठी राजाला सापडली. जवळच्या आनेकल गावाहून रोज दूध घालायला येणाऱ्या बसवंतला आपण विलायतेत सरदार झाल्याचा पत्ताही नव्हता.

आता अठ्ठ्याण्णव साल होतं आणि अलका अमेरिकेत संगणकाची नोकरी करत होती. रविवारी सकाळी तीन मिनिटं तिचा फोन येई. थंडी आहे का, बरी आहेस का, यातच तो संपे. मग विश्वासराव बराच वेळ फोनशेजारी बसून राहत. पोरीची फार आठवण येई. गोष्ट मागणारं घरात कुणी उरलं नव्हतं. पत्नी कौशल्याबाईंना सगळ्या पाठ होत्या.

एके संध्याकाळी वरच्या मजल्यावरचा पुण्याचा भाडेकरू शंतनु एक छापील कागद घेऊन आला. इंग्रजी वाक्प्रचारांचा खरा इतिहास, थेट अमेरिकेहून ईमेलने आलेला, असं तो कौतुकाने सांगत होता. विश्वासरावांनी चष्मा लावला. चौथ्याच ओळीत 'लॉर्ड बॅसवंट ऑफ आनेकल' अवरेकाळूंसकट उभा होता. खाली आणखी एकोणीस गोष्टी होत्या, सगळ्या त्यांच्याच ताटावरच्या.

हे मी रचलंय, असं त्यांनी सांगून पाहिलं. शंतनु समजुतीचं हसला. त्याच्या मॅनेजरने ते कालच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलंसुद्धा होतं. विश्वासरावांनी शब्दकोश उघडून 'उगम अज्ञात' दाखवलं.

"काका, डिक्शनरी जुनी असेल," शंतनु म्हणाला. "हे लेटेस्ट आहे."

दोन दिवसांनी त्यांच्या जे. पी. नगरच्या वाचनालयातही तो कागद फळ्यावर लागला. ग्रंथपालबाईंनी लॉर्ड बॅसवंट कोण होता ते विश्वासरावांनाच समजावून सांगितलं.

त्यांना वेगळीच धास्ती होती. अलकाने हे खरं समजून लोकांना सांगितलं असणार. उद्या कुणी जाणकार भेटला की परक्या देशात पोरीचं हसं होणार. आणि आपले अण्णा ताटावर बसून खोटं बोलत होते, हे तिला कळणार. त्यांना घास गोड लागेना.

"सांगून टाका की एकदाचं," कौशल्याबाई म्हणाल्या.

रविवारी त्यांनी थंडीची चौकशी केलीच नाही.

"अलका, स्वल्प ऐक. त्या गोष्टी खोट्या होत्या. लॉर्ड म्हणजे आपला दूधवाला."

"अण्णा, चौथीत असताना मी बसवंतण्णाला विचारलं होतं, तुमचा इंग्लंडातला वाडा केवढा आहे म्हणून. तेव्हाच सगळं कळलं."

"मग लोकांना खरं म्हणून कशाला पाठवलंस?"

"मी नाही पाठवलं. इथं एकटीच जेवते. म्हणून एकेक आठवून लिहीत होते. ऑफिसातल्या मैत्रिणीला वाचायला दिलं, तिनं जगभर धाडलं. वीसच आठवल्या. 'कोल्ड फीट'ची कुठली होती?"

'कोल्ड फीट' म्हणजे ऐनवेळी धीर सुटणं. त्याची गोष्ट त्यांनी कधी सांगितलीच नव्हती. तीन मिनिटं केव्हाच संपली होती.

"तिकडं रात्र ना? जेवतेयस?"

"आत्ताच बसले."

"मग ऐक. लॉर्ड बॅसवंटची मुलगी जहाजाने दूरदेशी निघाली. जाऊ नकोस, असं सांगायला तो बंदरावर गेला. गुडघाभर पाण्यात उभा राहिला, पाय गारठले, आणि सांगायचं राहूनच गेलं."

पलीकडे चमच्याचा आवाज थांबला.

"अण्णा, ही तरी खरी आहे ना?"

"शब्दकोशात बघून सांगतो," विश्वासराव म्हणाले. "तू आधी ताट संपव."