मशीनचा दसरा

मुलाणीचाचा कुठल्याही गुळगुळीत वस्तूवर आधी तोंडाची वाफ सोडतात आणि मग तिच्याशी ओळख करून घेतात. लिफ्टचा आरसा, कँटीनचा चमचा, साहेबांचा नवा मोबाइल, काहीही. 'हाऽऽ' करायचं, वाफ कशी धरते ते डोळे बारीक करून बघायचं आणि निकाल द्यायचा, "मळ हाय." साहेबांनाही तोच निकाल मिळाला होता.

भोसरीच्या प्लेटिंग कारखान्यात चाचांनी तीस वर्षं पत्रे धुतले. शिक्षण नववी. चाकणच्या आमच्या प्रयोगशाळेत बाकी आम्ही चौघं लांबलचक पदव्यांचे. सिलिकॉनच्या नखाएवढ्या चकतीवर आम्ही पॉलिमरचे हजारो ठिपके बसवतो. प्रत्येक ठिपका रक्तातला एकेक पदार्थ पकडतो, म्हणजे एका थेंबात कितीतरी तपासण्या. अट एवढीच, की पॉलिमर आधी आखलेल्या ठिपक्यांवरच चिकटावा, मधल्या जागेत अजिबात नाही. आणि त्याची जात मुलखाची चिकट. बोटाचा पुसट ठसा मिळाला तरी तिथं संसार थाटतो.

म्हणून चकत्या धुण्याचं काम चाचांकडं, आणि आम्हाला धुण्याचंही. केसांना तेल दिसलं की बाहेर. हाताला क्रीम, बाहेर. मी एकदा मोगरा माळून गेले, तर म्हणाले, "मॅडम, गजरा दाराभाईर. त्याला पगार न्हाई हितं." चाचणीच्या तुकड्यावर ते 'हाऽऽ' करायचे. वाफेत आखलेल्या ठिपक्यांच्या रांगा स्वच्छ उमटल्या की परवानगी मिळायची, "घ्या, लगीन लावा." मग आम्ही पॉलिमर सोडायचो.

दसऱ्याला आमच्याकडं कारखान्यांच्या पट्ट्यातल्या झाडून सगळ्या मशिनींना हार पडतात. पॉलिमर सोडायचं आमचं मशीन परदेशी. हार घेऊन आम्ही निघालो, तर चाचा दारात हात आडवा लावून उभे. "फुलं भाईर, हळदकुंकू भाईर. द्येव आला तरी टोपी घालून यील." शेवटी हार दाराच्या कडीला अडकवला, पेढे खाल्ले आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवसापासून ठिपके बिघडले. पॉलिमर चकतीभर, पिठलं सांडल्यासारखा. पाणी बदललं, द्रावण बदललं, हातमोजे बदलले, एकमेकांवर डाफरूनही झालं. साहेब म्हणाले, "दिवाळीपर्यंत जमलं नाही तर विभाग बंद." आम्हा चौघांना दुसरीकडं नोकरी मिळाली असती. साठीच्या नववी पास माणसाला कोण घेणार? हे चाचांनाही कळत होतं.

आठवड्यानं एका सकाळी ते माझ्याकडं आले. हातात मशीनवरची हवा गाळायची जाळी होती.

"मॅडम, हिला उदबत्तीचा वास येतोय."

"आत उदबत्ती लावली कुणी?"

"म्या."

मला वाटलं, चेष्टा करताहेत.

"तुमी समदे गेल्यावर. येकच लावली. झाकण बंद व्हतं, वाटलं कायबी व्हनार न्हाई." मान खाली घालून ते पुढं म्हणाले, "भोसरीच्या कारखान्यात वस्तादासंगं तीस वर्सं मशिनी पुजल्या. ह्ये बिचारं परमुलखातनं आल्यालं. समद्यांना हार, आन ह्येच एकटं. सणाला एकटं बसणं लय वंगाळ असतंय, मॅडम. मला ठावं हाय."

सहा वर्षांत मी त्यांना घरी कोण असतं हे विचारलं नव्हतं. तेव्हा विचारलं. चाचींना जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा मस्कतला होता. ईदेची नमाज झाली की चाचा कासारवाडीच्या खोलीवर येऊन आदल्या दिवशीची भाजी गरम करून खात. मला स्वतःची फार लाज वाटली.

उदबत्तीच्या धुराचा तेलकटपणा त्या जाळीतून चकत्यांवर बसत होता. नवी जाळी बसवली, मशीन आतून घासलं, आणि चौथ्या दिवशी सगळे ठिपके जागच्या जागी उमटले. चाचांनी जुनी जाळी घेऊन साहेबांसमोर जाऊन सरळ कबुली दिली. साहेबांनी जाळी नाकाशी धरून हुंगली. मग म्हणाले, "पदवीवाल्यांना नाही सापडलं, ते तुम्ही शोधलंत. विभाग चालू राहील. पुढच्या वर्षी उदबत्ती गेटवर."

संध्याकाळी कंपनीच्या बसपाशी मी म्हटलं, "चाचा, येत्या ईदेला आम्ही चौघं तुमच्याकडं."

"घरात ताट येकच हाय."

"ताटं आम्ही आणतो."

ईदेला अजून कितीतरी महिने होते. चाचा बसकडं चार पावलं गेले आणि परत आले.

"शीरखुर्म्यात खजूर चालतो न्हवं समद्यांना?"