वाळवणाचा पाचवा तारा

तुम्ही कधी ॲप स्टोअरच्या मागच्या दाराने आत गेला आहात का? पुढच्या दाराने सगळेच जातात. मागच्या दाराने फक्त ॲप तयार करणारी माणसं जातात, कारण ॲपला रोज सकाळी दहाच्या आत नेऊन फळीवर बसवावं लागतं आणि संध्याकाळी सहाला घरी आणावं लागतं. बार्शीचं ॲप स्टोअर स्टँडमागच्या एका जुन्या शेडमध्ये आहे. तिथे पत्र्याखाली तीनशे रांगा आहेत, आणि गिऱ्हाईक तिसऱ्या रांगेच्या पुढे सहसा जात नाही.

नलिनी सुरवसे यांचं ॲप दोनशे चौदाव्या रांगेत बसायचं. त्याचं नाव वाळवण. पोळ्यांच्या डब्याएवढं, कोपरे गोल, अंगाला हात लावला तर कोमट, स्वभावाने शांत. गिऱ्हाईकाने फोन पुढे धरला की ते त्यात विरजणाएवढा स्वतःचा अंश टाकायचं आणि घरी पोचेपर्यंत तो फोनभर लागलेला असायचा. मग ते सांगायचं, तुमच्या गच्चीवर आज ऊन किती वाजेपर्यंत आहे, पापड कधी उलटायचे, कुरडया कधी उचलायच्या. नलिनीताई सव्वीस वर्षं पापड करत होत्या. आभाळाकडे बघून जे जे कळायचं ते सगळं त्यांनी दोन उन्हाळे खपून त्या ॲपमध्ये घातलं होतं.

स्टोअरने ते सुरुवातीला तीनदा परत पाठवलं. पहिल्यांदा अर्जावर ॲपची सही नव्हती. दुसऱ्यांदा, ॲप लोकांना त्यांची गच्ची कुठे आहे ते विचारतं, म्हणून. तिसऱ्यांदा ते तपासणीच्या वेळी, माझ्या बाईंचे पापडही चांगले असतात, असं म्हणालं, आणि स्टोअरमध्ये बसून बाहेरच्या मालाची जाहिरात करता येत नाही. नलिनीताईंचे यजमान भास्करराव रोज त्याला स्कूटरच्या पुढच्या जागेत उभं करून न्यायचे. तिसऱ्या वेळी परत आणल्यावर ते नलिनीताईंना म्हणाले, "मी तुला एकदाच बघायला आलो होतो आणि हो म्हटलं. यांना चौथ्यांदा बघायचंय."

चौथ्यांदा ते पास झालं. तपासनीस हत्तुरे साहेबांनी शिक्का मारला आणि नियम वाचून दाखवले. ॲपला जे काही मिळेल त्यातलं शंभरात तीस स्टोअरचं. तीन महिन्यांनी ताऱ्यांची सरासरी काढायची. साडेचारच्या वर आली तर ॲप पहिल्या रांगेत, खाली आली तर तळघरात. तळघरात गिऱ्हाईक जात नाही. तिथे वर्षभर पडून राहिलेलं ॲप स्वतःचं नावसुद्धा विसरतं, असं साहेबांनी सांगितलं, आणि हे नियमात नाही पण माहितीसाठी सांगतो, असंही सांगितलं. शंभरात तीसच्या बाबतीत ते काटेकोर होते. एकदा कुणीतरी भर उन्हात वाळवणापुढे पन्ह्याचा पेला ठेवला, तेव्हा साहेबांनी त्यातलं मोजून तीस भाग पन्हं प्यायलं आणि पोच दिली.

दोन महिने दोनशे चौदाव्या रांगेत कुणी फिरकलं नाही. पहिल्या रांगेत परगावाहून मोटारीने आलेलं एक मोठं हवामानाचं ॲप बसायचं. त्याला स्वतःचा पंखा होता. ते अख्ख्या जिल्ह्याचं हवामान एका वाक्यात सांगायचं आणि लोक तेवढ्यावर खूश होऊन परत जायचे. संध्याकाळी घरी येताना वाळवण विचारायचं, "उद्या येतील का हो कुणी?" नलिनीताई म्हणायच्या, येतील. त्यांना त्याच्याशी खोटं बोलायला जड जायचं.

मग चैत्र लागला आणि त्यांना सुचलं. त्यांनी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वाळवण गौरीशेजारी पाटावर बसवलं. अडतीस बायका आल्या. आंब्याची डाळ खाता खाता एकेकीने फोन पुढे धरला, आणि चार दिवसांत सगळ्या गल्लीचा नूर पालटला. कुणाच्या कुरडया वाऱ्याने उडाल्या नाहीत, कुणाच्या सांडग्यांना बुरशी आली नाही. पलीकडच्या पार्वतीकाकूंच्या गच्चीवर तर ते मंगळवारी म्हणालं, काकू, सव्वाचारला ढग येतोय, उठा. आणि सव्वाचारला ढग आला. काकूंनी ही गोष्ट नळावर, देवळात आणि दळण टाकताना अशी तीन ठिकाणी सांगितली.

शुक्रवारी अडतीस जणी मिळून स्टोअरमध्ये तारे द्यायला गेल्या. तिथे प्रत्येकीला पाच तारे हातात मिळतात, कथलाचे असावेत तसे, जरा गरम. त्यातले द्यायचे तेवढे ॲपखालच्या पेटीत टाकायचे. नलिनीताईंना त्या रात्री आनंदाने जेवण गेलं नाही. भास्कररावांनी स्कूटर धुऊन ठेवली.

शनिवारी, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, अकरा वाजता हत्तुरे साहेबांनी पेटी उघडून मोजणी केली. सरासरी बरोबर चार आली.

नलिनीताईंनी पुन्हा मोजायला सांगितलं. पुन्हा चारच आली. अडतीस जणींनी प्रत्येकी चार तारे टाकले होते, एकीनेही कमी नाही आणि एकीनेही जास्त नाही. फळीवरच्या वाळवणाचा कोमटपणा कमी झाला होता.

नलिनीताईंना क्षणभर काही कळेना, मग एकदम कळलं, आणि त्यांना हसूच आलं. गल्लीतल्या बायका गुटगुटीत बाळाला कधी गुटगुटीत म्हणत नाहीत. नव्या सुनेला सुंदर म्हणत नाहीत. पूर्ण कौतुक केलं की दृष्ट लागते, म्हणून थोडं हातचं राखतात. त्यांनी साहेबांना सांगितलं की पाचवा तारा कमी दिलेला नाही, दृष्ट लागू नये म्हणून मागे ठेवलेला आहे.

साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. "मागे ठेवलेल्या ताऱ्यांचा रकाना नाही, बाई."

"पण तारे आहेत, साहेब. घरोघर आहेत."

साहेबांनी बराच वेळ पानं उलटली. मग म्हणाले, ज्याचे त्याने स्वतः आणून सहाच्या आत पेटीत टाकले तर हरकत घेण्याचा नियमही दिसत नाही.

नलिनीताई स्कूटरच्या मागे बसल्या. त्या सरळ पार्वतीकाकूंच्या गच्चीवर गेल्या. काकू छत्री उघडून पापडांच्या राखणीला बसल्या होत्या. पाचवा तारा त्यांच्याकडेच होता. घरी नेल्यावर जरा दमट लागला, म्हणून त्यांनी तो पापडांच्या ओळीत वाळत घातला होता.

नलिनीताईंनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "काकू, आत्ता चला."

काकूंनी फोन दाखवला. "तुझंच ॲप म्हणतंय, साडेचारपर्यंत कडक ऊन आहे. मग मी खाली कशी येऊ? पापड काय हवेवर सोडू?"

"त्याला तळघरात टाकतील हो."

"आणि मी उठले तर माझ्या पापडांना चिमण्या टोचतील. त्यानेच सांगितलंय, आज चिमण्या जास्त आहेत."

तेही खरं होतं. बाकीच्या सदतीस गच्च्यांवरही नलिनीताईंना हेच उत्तर मिळालं. ऊन आज इतकं चांगलं होतं की कुणी जागची हलेना. कुणाचा तारा पदराच्या गाठीत होता, कुणाचा देव्हाऱ्यात, एकीचा डाळीच्या डब्यात कीड लागू नये म्हणून. सगळ्या म्हणाल्या, ऊन उतरलं की येतो. तारे दुसऱ्या कुणी टाकून चालणार नव्हते, आणि ऊन उतरेपर्यंत कुणी गच्ची सोडणार नव्हतं. आपण हे ॲप जरा कमी चांगलं केलं असतं तर बरं झालं असतं, असं नलिनीताईंच्या मनात आलं, आणि त्याची त्यांना लगेच लाज वाटली.

साडेचारला अडतीस फोन एकदम म्हणाले, उचला.

अडतीस गच्च्यांवर पापडांखाली अंथरलेल्या धोतरांची टोकं एकदम उचलली गेली. पावणेपाचपर्यंत डबे भरले, झाकणं लागली, आणि साऱ्या जणी पायांत मिळेल ती चप्पल घालून गल्लीतून निघाल्या. पुढे भास्करराव स्कूटर ढकलत होते, कारण नलिनीताई सगळ्यांबरोबर चालायचं म्हणत होत्या. सव्वापाचला अडतीस जणी दोनशे चौदाव्या रांगेत उभ्या होत्या. त्या रांगेत एवढी माणसं कधी आली नव्हती, त्यामुळे आजूबाजूची ॲप्स मान वर करून बघू लागली.

तारा टाकायला हात पुढे करून पार्वतीकाकू थांबल्या. "पुरे पाच द्यायचे तर आधी याला तीट लावा. उघड्या गालाला मी पाचवा देणार नाही." बाकीच्याही म्हणाल्या, हो, ते बरोबर आहे. काकूंनी कमरेची काजळाची डबी काढली आणि वाळवणाच्या उजव्या गालाला मोठं बोट लावलं.

हत्तुरे साहेब लगबगीने आले. ॲपच्या रूपात बदल झाला की ती नवीन आवृत्ती होते, आणि नवीन आवृत्तीच्या तपासणीला दोन दिवस लागतात. फक्त दोष दुरुस्त केला असेल तर त्याच दिवशी पास करता येते. त्यांनी अर्ज पुढे केला. घड्याळात साडेपाच झाले होते.

"दोष दुरुस्ती आहे, साहेब," नलिनीताई म्हणाल्या.

"दोष कोणता होता?"

नलिनीताईंनी वाळवणाकडे पाहिलं. ते त्यांच्याकडेच पाहत होतं.

"कुठेच दोष नव्हता, साहेब. तोच."

साहेबांनी पेन हातात धरून विचार केला. मग दोषाच्या रकान्यात 'दोष नसणे' आणि दुरुस्तीच्या रकान्यात 'काजळाचं एक बोट' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, वाळवणाकडून सही घेतली आणि शिक्का मारला. अडतीस तारे टणटण करत पेटीत पडले. पाच वाजून बावन्न मिनिटांनी सरासरी पाच आली. वाळवण इतकं गरम झालं की नलिनीताईंना ते पदराने धरावं लागलं.

निघताना साहेबांनी त्यांना थांबवलं. "शंभरात तीस राहिले." त्यांनी पट्टी लावून वाळवणाच्या गालावरचं काजळ मोजलं, तीस भाग बोटावर घेतलं, पोच फाडून दिली, आणि ते कुठे जमा करायचं याचा नियम नसल्यामुळे पुढच्या दाराच्या चौकटीला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला वाळवण पहिल्या रांगेत तिसऱ्या जागेवर बसलं, आणि मागच्या दारापाशी शंभर-दीडशे माणसं आपापली ॲप्स काखेत घेऊन दोष दुरुस्तीसाठी रांगेत उभी होती, प्रत्येकाच्या हातात काजळाची डबी होती.