शंभर पावलांवरचा टुरिस्ट

टुरिस्ट शंभर पावलांवरून ओळखावा तर तो कार्ल्याच्या हौशीरामभाऊंनीच! हे मत अर्थात भाऊंचंच, पण त्यांनी ते इतक्या वेळा सांगितलं होतं की आता गावाचंही तेच झालं होतं. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं वावर. चार महिने त्यात इंद्रायणी भात उभा, उरलेले आठ महिने पार्किंगच्या गाड्या. गळ्यात शिट्टी अडकवून भाऊ बांधावर उभे राहिले की गाडीचं दार उघडायच्या आत निकाल लागलेला असायचा.

"ह्यो बघा टुरिस्ट! गॉगल डोळ्याला सोडून टाळक्यावर. तितं काय दिसतंय का ह्याला?"

त्यांच्या शास्त्रात खुणा ठरलेल्या होत्या. टुरिस्ट गाडीतून उतरल्या उतरल्या "अजून किती लांब?" विचारतो. डोंगर बघायला आला असला तरी डोंगराकडे पाठ करून उभा राहतो आणि स्वतःचाच फोटो काढतो. नाहीतर हात असा आडवा धरतो, की फोटोत वाटावं, डोंगर ह्यानंच उचललाय!

ज्यांच्या जिवावर घराला स्लॅब पडला त्यांच्याइतका तिटकारा भाऊंना जगात कशाचाच नव्हता. घरात 'टुरिस्ट' ही शिवी होती. बायको सविताकाकू आमटीत मीठ विसरल्या तरी भाऊ म्हणायचे, "ध्यान कुटं हाय? टुरिस्टावानी काय करतीस?" दर चैत्रात एकवीरा आईला साडेतीनशे पायऱ्या चढून जाणाऱ्या या घरानं देवळाला खेटून असलेल्या लेण्यांत आजवर पाऊल टाकलं नव्हतं. "कामधंदा न्हाई का आपल्याला? दगुड बघायचा, ते बी तिकीट काढून?"

तर अशा घरातला थोरला लेक ओंकार शिकायला जर्मनीला निघाला. निघायच्या आधी भाऊंनी त्याला एकवीरा आईसमोर उभं केलं आणि नारळावर हात ठेवायला लावला.

"म्हण, शिकाया चाललोय, फिराया न्हाई."

"शिकाया चाललोय, फिराया न्हाई."

"आन ज्या दिशी तू मला टुरिस्ट झालेला दिसशील, त्या दिशी परत बोलवीन. ही शिट्टी तुज्या गळ्यात आन तू ह्या वावरात. काय?"

"व्हय आबा," ओंकार म्हणाला. नारळानं ऐकलं, आईनं ऐकलं, धाकट्या कोमलनंही ऐकलं आणि ती गालातल्या गालात हसली.

दोन महिने बरे गेले. मग एका रविवारी घरच्या ग्रुपवर फोटो येऊन पडला. मागे हे एवढं धूड! बुरूज काय, सोनेरी कळस काय, पुढे कारंजी काय, आणि त्यासमोर ओंकार दात काढून उभा. हा फोटो खरं तर मित्रांच्या ग्रुपवर जायचा होता, पण थंडीनं बोटं आखडलेली. भाऊंनी जागच्या जागी फोन लावला.

"काय रं, हे कुटं हिंडतोयस?"

पलीकडून वाऱ्याबरोबर आवाज आला.

"आबा... हे आमचं कॉलेज."

"एवढं मोटं?"

"फी कशाची घेतात मग?"

हे भाऊंना एकदम पटलं. फोन ठेवून ते सविताकाकूंना म्हणाले, "बघितलंस? आज रविवार हाय. आन पोरगं कालेजात!"

झालं! चोराला वाटच सापडली. त्यानंतर दर रविवारी एक फोटो यायला लागला, आता मुद्दाम, छाती पुढे काढून. तळ्याकाठचा महाल आला, ते ऑफिस. उंच दगडी मनोरा आला, ती लायब्ररी. रंगीत काचांचं चर्च आलं, तो परीक्षेचा हॉल. तळ्यात पांढरी होडी होती, ती कॉलेजची बस, कारण तिकडे रस्त्याला फार ट्रॅफिक! बर्फाच्या डोंगरावर दोरीला लटकलेला पाळणा आला, ते प्रॅक्टिकल. एकदा तर ओंकारच्या हातात फेसाळलेला हा मोठा काचेचा मग आला. भाऊंच्या भुवया वर गेल्या.

"ह्यो काय पितोस रं?"

"काढा, आबा. थंडीचा. वसतिगृहात सगळ्यांना देतात."

"मग दोन टायम घेत जा," भाऊ कळवळून म्हणाले. पोराची तब्येत नाजूक!

कोमलला सगळं ठाऊक होतं. ती इन्स्टावर होती, आणि तिथे त्याच फोटोखाली दादानं काय काय लिहिलेलं असायचं ते इथे सांगण्यासारखं नाही. पण तिचं तोंड एका परदेशी जाकिटाच्या बोलीवर बंद होतं.

आता एवढं कॉलेज नुसतं मोबाइलात ठेवून कसं भागेल? वर्षभरानं नाताळाच्या सुट्टीत पोरगं तीन आठवड्यांसाठी येणार म्हटल्यावर भाऊंनी थेट कामशेतला जाऊन फ्लेक्सवाल्या कैलासला गाठलं.

"भाऊ, पोरगा मोठा घेऊ का कॉलेज?" कैलासनं विचारलं.

"कालेज मोटं घे. पोराला समद्यांनी बघितलंय."

फाट्यावर पंधरा फुटी फ्लेक्स चढला. मध्ये राजेशाही कॉलेज, त्यापुढे बोटभर ओंकार, वर 'जर्मनीत शिकणारा मावळचा ढाण्या वाघ, रविवारीही वर्गात हजर!' आणि खाली शुभेच्छुक म्हणून बावीस मुंडकी. कारंज्याच्या आड दोन मुंडकी झाकली गेली म्हणून दोन घरांनी भाऊंशी अबोला धरला, तो वेगळाच!

एवढ्यावर थांबतील तर ते हौशीरामभाऊ कसले! शाळेच्या पटांगणात सत्कार ठरला. अध्यक्षही आपोआप वावरात येऊन उभा राहिला. तळेगावच्या एका कारखान्यातले प्रज्ञेशसाहेब गाडी लावायला आले. गॉगल टाळक्यावर, त्यामुळे भाऊंनी आधी नाक मुरडलं. पण साहेब सहा वर्षं जर्मनीत राहून आलेत हे कळताच नाक सरळ झालं.

"सायब, आमचं पोरगं बी तितंच हाय. तुमीच पायजे सत्काराला!"

ओंकार आला. फाट्यावर उतरला, वर बघितलं, आणि बॅग हातातून गळून पडली. 

"भरून आलं लेकराला," भाऊ सविताकाकूंना म्हणाले.

"आबा, हे उतरवा. सत्कार नको मला. पाया पडतो!"

"बघा! इद्या आली की माणूस कसा नमतो!" भाऊंनी डोळे पुसले. ओंकारनं खूश करायला आणलेला भारीतला गॉगल पुढे केला. भाऊंनी तो "टुरिस्टाचा दागिना" म्हणत खिशात कोंबला आणि पोराला घरी नेलं.

रविवारी सकाळी पटांगण भरलं. भाऊंनी सगळे फोटो मोठे करून आणले होते. मागच्या बाजूला प्रत्येकाचं नाव कोमलकडून लिहून घेतलं होतं. तिनं ते किती वळणदार अक्षरात लिहावं! सूत्रसंचालनाला रेणुका बाई होत्या. त्यांना कार्यक्रमात जिवंतपणा आणायची भारी हौस. त्यांनी पहिला फोटो उंच धरला आणि माइक साहेबांपुढे केला.

"सर, आपण तिथे राहून आलात. आपण सांगावं, हे काय आहे?"

साहेब सरळ माणूस. फाट्यावरून आणून मंचामागे बांधलेल्या फ्लेक्सकडे पाठ करून बसलेले, त्यामुळे वाचायचा प्रश्नच नव्हता.

"अरे वा! हा राजवाडा. फारच सुंदर. मी दोनदा गेलोय. तिकिटाला केवढी रांग असते!"

रेणुका बाईंनी फोटो उलटा करून मागचं 'कॉलेज' हे नाव वाचलं, पुन्हा सुलटा केला. पटांगणात कुजबुज झाली. भाऊ जागेवरून म्हणाले, "फुडचा घ्या बाई. सायबांचं कालेज दुसरं आसंल."

"हा जुना तुरुंगाचा मनोरा. आता म्युझियम आहे."

"लायब्ररी," बाई पुटपुटल्या.

"हे चर्च."

"परीक्षेचा हॉल..."

"ही तळ्यातली फेरी. पंधरा मिनिटं फिरवून आणतात."

"कालेजची बस!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळं पटांगण फुटलं. अबोला धरलेली दोन घरं तर एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती! ओंकारनं मान इतकी खाली घातली होती की हाराची फुलं कपाळाला लागत होती. आणि मग बाईंनी, हाताला लागला म्हणून, तो मगवाला फोटो वर धरला.

साहेबांनी फेसाळलेला मग बघितला, मागे लिहिलेलं 'थंडीचा काढा' वाचलं. ओंकारकडे बघितलं. मग त्यांची नजर भाऊंच्या चेहऱ्यावर गेली आणि त्या सरळ माणसाच्या डोक्यात पहिल्यांदाच लख्ख उजेड पडला.

"हा... हा काढा," ते घाईघाईनं म्हणाले. "थंडीचा."

फार उशीर झाला होता. भाऊ उठले. गळ्यातली शिट्टी काढली आणि पोराच्या हारावरूनच त्याच्या गळ्यात घातली.

"आजपासून परत जायाचं न्हाई. रविवार हाय, गाड्या याया लागल्यात. जा वावरात."

पटांगणातलं हसणं तिथेच थांबलं.

"आबा, एकच वरीस राहिलंय," ओंकारनं हात जोडले. "पास होतोय मी, एकबी विषय राहिला न्हाई. आठवडाभर कॉलेजातच असतो. फक्त रविवारी जातो. एकट्याला करमत न्हाई वो तितं."

"अवो, एकच वरीस तर..." सविताकाकूंनी पदर डोळ्याला लावला.

"नारळावर हात ठिवलावता त्यानं! टुरिस्ट दिसला की शिट्टी. कायदा म्हंजी कायदा! उंद्या मी जरी टुरिस्ट झालो तरी मला बी ह्योच कायदा!"

ओंकार मुकाट्यानं वावराकडे गेला. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे सगळं आपल्या तोंडून झालं म्हणून ते भाऊंच्या मागेमागे करू लागले. विषय बदलावा म्हणून त्यांनी विचारलं, "भाऊ, तळेगावात राहतो, पण लेणी काही अजून बघितली नाहीत. तुम्ही इथलेच. दाखवता का?"

 अख्खं गाव कान देऊन उभं. बावन्न वर्षं लेण्यांखाली राहून आत गेलो नाही, हे पाहुण्याला सांगायचं? आज एवढी शोभा झाल्यावर?

"चला की! आमच्या तर पायाखालची हायेत ती," भाऊ म्हणाले.

आता देवीला चढताना भाऊ कधी दमत नसत. पण त्या दिवशी ऊन होतं आणि डोक्यात पोरगं होतं. दोनशे पायऱ्यांवर त्यांचा श्वास लागला आणि खाली उतरणाऱ्या एका बाईला त्यांनी चेष्टेनं नव्हे, अगदी मनापासून विचारलं, "अजून किती लांब?" ऊन डोळ्यांवर आलं म्हणून खिशातला गॉगल निघाला. वर सावलीत पोहोचल्यावर तो टाळक्यावर सरकला. साहेबांनी दोन तिकिटं काढली. भाऊ देवळाकडे हात जोडून आयुष्यात पहिल्यांदा शेजारच्या लेण्यात शिरले.

आणि तिथेच उभे राहिले.

अख्खा डोंगर आतून पोखरलेला. दोन्ही बाजूंनी खांबांची रांग, खांबांवर हत्ती, हत्तींवर माणसं. वर बैलगाडीच्या टपासारखं गोल छत आणि त्याला लाकडाच्या कमानी.

"ह्ये लाकूड कवाचं?" भाऊंनी हळूच विचारलं.

"दोन हजार वर्षांचं, म्हणतात."

"आमच्या गोठ्याचं सा वरसात भुगा झालं वो!" भाऊ म्हणाले. ते एकेका खांबापाशी थांबले. एका खांबाच्या गुळगुळीत दगडावरून त्यांनी हात फिरवला. "कुनी केलं आसंल? आन आमी खाली नुसत्या शिट्ट्या मारतोय... एवढं दारात आसून बघितलं न्हाई. आन त्ये पोरगं तितं एकटं, रविवारचं घरात बसून काय करंल?"

पाऊण तास ते बाहेर यायला तयार नव्हते. शेवटी बाहेर आले तेव्हा त्यांनी साहेबांच्या हातात आपला मोबाइल दिला.

"एक काढा. न्हाई, आसं नगं. जरा मागं सरा. कमान समदी आली पायजे." भाऊ लेण्याकडे पाठ करून उभे राहिले. क्षणभर विचार केला. मग हात आडवा धरला. "आता बघा, उचलल्यावानी दिसतंय का?"

फोटो झकास आला. सविताला दाखवायचा म्हणून भाऊ तो तिला पाठवायला गेले. पण उन्हात पडद्यावरचं धड दिसेना, आणि तो जाऊन पडला घरच्या ग्रुपवर. गॉगल टाळक्यावर, हात आडवा, दात बाहेर!

लगेच खालून ओंकारचा मेसेज आला. "आबा, हे कुटं?"

भाऊंनी टाळक्यावरचा गॉगल ओढून काढला. कायदा म्हंजी कायदा, आणि तो भर पटांगणात सांगितलेला! पोराच्या गळ्यात शिट्टी ठेवायची तर दुसरी आपल्याच गळ्यात घालावी लागणार.  मग एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत, उत्तर दाबलं.

"कालेज. तुजं बी राहिल्यालं एक वरीस पुरं कर."

इतकंच टाकून ते गॉगल लपवायला खिसा शोधत होते, तोवर खालच्या वावरातून शिट्टी वाजली. चांगली लांबलचक, थेट वर रोखून! शंभर पावलं कसली घेऊन बसलात? पोरानं साडेतीनशे पायऱ्यांवरून टुरिस्ट ओळखला होता!