धूर पाहणारं मंडळ

आरोग्याच्या अनुदानासाठी आलेल्या त्या अर्जावर ‘प्रयोजन स्पष्ट नाही’ असा शेरा मीच मारला होता. डोमाजींचं मंडळ नक्की काय करतं, हे मला कळलं नव्हतं. त्यात माझा दोष थोडा. पण एक साधा प्रश्न मी विचारला नाही, तो दोष पुरता माझा.

डोमाजी भाऊ माणसांना तोंडावरून कमी आणि घरच्या धुरावरून जास्त ओळखायचे. आरमोरीकडच्या त्या गावात मी ब्लॉकच्या कचेरीतून पहिल्यांदा गेलो, तेव्हा ते तलावाच्या पाळीवर घोंगडं पांघरून बसले होते. शेजारी त्यांच्याच वयाचे तिघे बिड्या ओढत होते. हेच आरोग्य मंडळ.

“मंडळाचं कार्य काय?” मी वही उघडली.

“पाह्यतो जी.”

“काय पाहता?”

“धूर. सकाळी कोनाच्या घरून निंगाला, कोनाच्या नाई.”

“आणि नाही निघाला तर?”

“तं जातो.”

मी ‘जातात’ एवढंच लिहिलं. कुठल्या रकान्यात, ते आता आठवत नाही.

सकाळी ज्या घराची चूल पेटली नाही, तिथे एक तर ताप असतो, नाही तर तांदूळ नसतो, असा त्यांचा हिशेब. मग चौघे म्हातारे लोटाभर पेज घेऊन त्या दारात हजर. “धूर लबाड नसते,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उपवासाच्या दिवशीही ते पेज घेऊन जायचे आणि शिव्या खाऊन परत यायचे. एकदा एका सुनेनं सासूवर रुसून चूल पेटवली नाही, तर मंडळ आलंच. दोघींना इतकी लाज वाटली, की भांडण तिथंच मिटलं. विहिरीवर एक बाई मला म्हणाली, “सायेब, या बुढ्याच्या मारे सुखानं रुसताबी येत नाई. मी तं मूठभर तणीस जाळून देतो आन् मंग झोपतो.”

हे आरोग्य की चहाडी, मला ठरवता येईना. त्यात डोमाजींची मागणी मचानीची.

“मचान शिकारीला लागते, भाऊ. आरोग्याला कशाला?”

“पाळीवरून एक घर दिसत नाई जी. बांबूच्या मांगं पडते.”

“एका घरासाठी मचान?”

ते जरा हसले, घोंगडं सारखं केलं आणि म्हणाले, “एकच हाय खरा.”

मीही हसलो. माझ्या यादीत औषधाची पेटी होती, वजनकाटा होता, लेझमी होत्या, मचान नव्हती. मार्च संपत आला होता, पैसे परत जाणार होते. मी शेरा मारला आणि गावाचा तोटा नको म्हणून मंडळाच्या नावे लेझमी मंजूर केल्या. चार म्हाताऱ्यांना लेझमी. डोमाजींनी त्या उलटसुलट करून पाहिल्या. “याईनं का पाह्याचा, सायेब?” “व्यायाम करा,” मी म्हणालो. तेव्हा मी व्यायामाच्या बाजूचा होतो.

पुढे धान निसवायच्या, लोंब्या फुटायच्या दिवसांत मी तपासणीला गेलो. गावात शिरतो तोच बांबूच्या पलीकडून लेझमीचा आवाज. मला इतकं बरं वाटलं, की मी तिथेच उभ्या उभ्या डायरीत ‘उपक्रम उत्साहाने सुरू’ असं लिहून टाकलं. पाळीवर तिघेच बसले होते.

“डोमाजी भाऊ कुठं?”

“आयकून नाई राह्यले का? सरकारच्या नादी लागला बुढा,” एक जण म्हणाला. बाकीचे दोघे खोकत हसले.

मी पाटलांकडे चहा घेतला. पोहे झाले, पानही झालं. आवाज चालूच. मधेच थांबे, मग पुन्हा दोन-तीन झटके. ताल कसला तो नव्हताच. शाबासकी द्यावी म्हणून मी बांबूतून वाट काढत गेलो.

मागे एकच झोपडी होती. आत बाजेवर डोमाजी तापानं फणफणत पडले होते. उठायची ताकद नव्हती, ओरडायला आवाज नव्हता. हात बाजेखाली लोंबत होता आणि हातात मी मंजूर केलेली लेझीम होती. चूल गार.

“रातपासून पाणी नाई,” ते म्हणाले. “वाजवून राह्यलो. कोनीच नाई आला.”

घरात दुसऱ्या माणसाची वस्तू दिसली नाही. एक ताट, एक लोटा.

मी पाणी पाजलं. मग चूल पेटवायला बसलो. लाकडं ओली, मला सवय नाही. घरभर धूर झाला, छपरातून निघाला आणि बांबूच्याही वर चढला. थोड्या वेळानं तिघे म्हातारे धापा टाकत दारात आले. “काऊन रे डोमा, घर जाळतं का?” मग त्यांनी बाजेकडे पाहिलं. एक जण पेज आणायला परत पळाला.

डोमाजींनी डोळे उघडले. “धूर दिसला?”

“दिसला ना,” त्यातला एक म्हणाला.

मी लेझीम त्यांच्या हातातून काढून घेतली. बाजेशी खाली बसलो आणि म्हणालो, “भाऊ, एक घर दिसत नाही म्हणाला होतात. ते कोणाचं, हे मी विचारलं नाही. माझं चुकलं.”